ओहोळातलं मीठ

प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीताई म्हणायचे. नवा आलेला माणूस हे नाव ऐकून आधी दचकायचा, मग तिच्या टेबलाकडे बघून हसायचा. टेबलावर, टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर नुसत्या बाटल्या, आणि सगळ्यांत पाणी. कुठकुठल्या ओढ्यांचं, तिनं कधीही न पाहिलेलं. तिनं ते यंत्रात घालायचं आणि त्यात काय विरघळलंय ते सांगायचं: चुना किती, मीठ किती, लोह किती, गंधक किती. या कामात तिचे केस पांढरे झाले होते. नमुना घेणाऱ्यानं हातमोजे घातले नसतील तर तिला आकड्यांवरूनच कळायचं. हाताच्या घामाचं मीठ लपत नाही. मग ती त्या माणसाला फोन लावून असं झापायची की पुढच्या खेपेला तो झोपेतही हातमोजे काढायचा नाही.

सगळ्या खंडाची पाहणी चालू होती. बऱ्याच देशांनी मिळून काम वाटून घेतलं होतं. नकाशावर चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीतला एक लहानसा ओढा निवडला होता. मोठी नदी नको, कारण मोठ्या नदीत सगळ्यांचंच पाणी एकत्र होतं आणि कुणाचं काय ते कळेनासं होतं. लहान ओढ्यात आपल्या आसपासच्या टेकड्यांचं तेवढं उतरतं. शोधायचं होतं ते सांगायला सोपं होतं. एका ठिकाणचं पाणी असं आणि दुसऱ्या ठिकाणचं तसं, ते कशामुळे? खालच्या खडकामुळे, वरच्या पावसामुळे, समुद्र जवळ की लांब त्यामुळे, की जंगलं, शेतं, कारखाने आणि गावं यांच्यामुळे?

बाटलीताई आणि तिचे वडील, घरात दोघंच. आई लवकर गेली, थोरला भाऊ नोकरीच्या गावी संसार थाटून बसला, आणि वडिलांचं करता करता हिचं लग्न राहून गेलं. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. कुरकुरायला फुरसतच नव्हती. शेवटची काही वर्षं वडील अंथरुणाला खिळले होते. काम संपलं की ती पर्स काखेत मारून धावत सुटायची, कारण दुपारची बाई तिची वाट बघत दारातच चपला घालून उभी असायची. वडील गेले, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस ती तशीच धावत घरी येत राहिली. कुलपात किल्ली फिरवताना आठवायचं की आता घाई कसली. मग ती आत जाऊन कोट अंगावर तसाच ठेवून खुर्चीत बसायची. शेजारच्या घरात कुणीतरी ताटं धूत असायचं, त्याचा आवाज भिंतीतून यायचा.

भाऊ सुट्टीच्या दिवशी फोन करायचा. "जेवलीस का? ये ना आमच्याकडे राहायला," म्हणायचा, पण कधी ये, ते काही सांगायचा नाही.

शेवटी एक दिवस ती पाहणीच्या प्रमुखांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांना सगळे साहेब म्हणत.

"साहेब, मला नमुने आणायला पाठवा."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "तुम्ही? चिखलात?"

"आयुष्यभर पाणी बाटलीत बघितलं. एकदा वाहताना बघू द्या."

"अहो, एकटीनं हिंडावं लागेल. बरोबर द्यायला माझ्याकडे माणूस नाही."

"त्याची मला सवय आहे," ती म्हणाली.

तिला एक लहान गाडी मिळाली, मागे बाटल्यांसाठी शीतपेटी बसवलेली. तिच्या जागी टेबलावर एक नवा केमिस्ट बसवला गेला, चुणचुणीत आणि तोंडाचा फटकळ. बाटलीताई समुद्रकाठापासून निघाली आणि खंडाच्या आतल्या बाजूला सरकत गेली. रोजचं काम ठरलेलं. ओढ्यात प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली त्याच पाण्यानं विसळायची, मग भरायची, गाळायची, दोन बाटल्यांपैकी एकीत आम्लाचे थेंब टाकायचे, झाकण घट्ट लावून पेटीत ठेवायची.

जे ती वर्षानुवर्षं आकड्यांत वाचत आली होती ते आता बुटाखाली लागत होतं. किनाऱ्याजवळच्या ओढ्यांत मीठ असतं, कारण तिथला पाऊसच समुद्रावरून खारा होऊन येतो. जसजसं आत जावं तसं ते उतरत जातं. चुनखडीच्या प्रदेशात पाणी इतकं जड की मुक्कामाच्या खोलीतल्या किटलीला आतून पांढरं कवच चढलेलं. नांगरलेल्या सपाट मुलखात ओढ्यांत खत उतरलेलं, काठावर हिरवं शेवाळ माजलेलं. आणि उंचावर, ग्रॅनाइटच्या डोंगरांत, पाण्यात जवळजवळ काहीच नाही. तो खडक फार कद्रू. पाऊस वरून येतो आणि रिकाम्या हातानं खाली जातो.

एकटेपणाचं म्हणाल तर तो इथेही होताच. दिवसचे दिवस "खोली मिळेल का" आणि "बिल द्या" यापलीकडे कुणाशी बोलणं व्हायचं नाही. जेवताना ती खिडकीजवळचं टेबल धरायची, म्हणजे बघायला काहीतरी असायचं. एकदा तिनं गाडीत मोठ्यानं "चला बाई, पुढे" असं म्हटलं आणि आपलाच आवाज ऐकून ती दचकली. तरीही घरच्या खुर्चीपेक्षा हे बरं होतं.

ग्रॅनाइटच्या मुलखातल्या एका चौकटीत तिला एका अरुंद खोऱ्यातला ओहोळ दिला होता. रस्ता संपतो तिथून पायवाट. वाटेवर पाच-सहा घरं, बहुतेकांची दारं खिळे ठोकून बंद केलेली, एकाच्या अंगणातून झाड वर आलेलं. ओहोळ एका ढांगेत ओलांडता येईल एवढाच. तिनं नमुना घेतला, पाण्याचा एक घोट प्यायली, आणि निघून आली. माणूस कुणी दिसलं नाही.

आठवड्याभरानं साहेबांचा फोन आला तेव्हा ती बरीच पुढे गेली होती.

"त्या डोंगरातल्या ओहोळाचा तुमचा नमुना बिघडलाय. मीठ आलंय त्यात. आजूबाजूच्या सगळ्या चौकटींच्या कितीतरी पट."

"ग्रॅनाइटमध्ये मीठ? समुद्र तर इतका लांब आहे."

"तेच म्हणतोय मी. सोडियम आणि क्लोराइड, दोन्ही बरोबरीनं चढलेत. म्हणजे साधं खायचं मीठ. अहो, होतं कधी कधी. घामाचा हात लागला असेल."

तिची कानशिलं तापली. "साहेब, हातमोजे घातल्याशिवाय मी बाटलीला शिवत नाही."

मागून नव्या केमिस्टचा आवाज आला, "ताईंनी जेवणाचा डबा तिथेच उघडला असेल!" आणि कुणीतरी हसलं.

फोन ठेवल्यावर ती गाडीत तशीच बसून राहिली. आयुष्यभर जी चूक तिनं इतरांच्या पदरात घातली, नेमकी तीच आज तिच्या पदरात पडली होती. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ही गोष्ट रागानं सांगावी असं जगात कुणी नव्हतं. भावाला सांगितली असती तर तो म्हणाला असता, जाऊ दे गं. तिनं गाडी वळवली.

या खेपेला ती एक बाटली भरून थांबली नाही. तिच्याजवळ पाण्यातले क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र होतं. ते पाण्यात बुडवत बुडवत ती ओहोळाच्या कडेकडेनं वर चढू लागली. आकडा कमी व्हायला हवा होता, पण तो वाढत होता. ती धापा टाकत चढत राहिली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. मीठ खरंच पाण्यात होतं, तिच्या हातावर नव्हतं! एका वळणाशी आकडा सगळ्यात वर गेला, आणि तिथून हाकेच्या अंतरावर वर बुडवला तर एकदम खाली आला. म्हणजे जे काही होतं ते इथेच होतं.

तिनं मान वर केली. काठावरच्या सपाट दगडांवर मिठाच्या मळकट पांढऱ्या विटा मांडून ठेवल्या होत्या, गोठ्यात जनावरांना चाटायला ठेवतात तशा. जिभांनी त्यांना खळगे पडले होते. आसपासचा चिखल खुरांनी तुडवलेला. आणि थोडं पलीकडे, पालथ्या घातलेल्या बादलीवर एक म्हातारा बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच तिला खाली बसायची खूण केली.

ती बसली. ऊन कलत होतं. बऱ्याच वेळानं झाडीतून एक हरणी बाहेर आली, मग तिच्यामागून दुसरी, मग एक पाडस. शेवटी एक शिंगवाला, रुबाबात. विटा चाटण्याचा खसखस आवाज येत राहिला.

"ती पुढची मावशी," म्हातारा कुजबुजला. कितीतरी दिवस न वापरलेल्या दारासारखा त्याचा आवाज करकरत होता. "ती धाकटी. आणि तो जावई. खायला तेवढा वेळेवर येतो."

बाटलीताईला हसू आलं. तिच्या हसण्यानं मावशीचे कान उभे राहिले, पण ती हलली नाही.

हरणं गेल्यावर म्हातारा बोलू लागला तसा थांबेना. खोऱ्यात पूर्वी सगळी घरं भरलेली होती. त्याची गुरं होती. बायको होती, गुरांवर ओरडायची आणि तेवढंच त्याच्यावर. ती गेली. गुडघे गेले, म्हणून गुरं विकली. शेजारी एकेक करून खाली उतरले. मुलगी फार लांबच्या शहरात; तिचं तिला पुरे झालेलं. गोठ्यात चाटणाच्या विटा तेवढ्या उरल्या होत्या.

"एक दिवस म्हटलं, पडून राहण्यापेक्षा ठेवू बाहेर. पाण्यावर येतच असतात बिचारी. ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी ही मावशी आली. मी म्हटलं, चला, कुणीतरी आलं. मग काय, सामानाची गाडी येते खाली रस्त्यापर्यंत, गाडीवाल्याकडून मागवतो. तो म्हणतो, आजोबा, गुरं नाहीत तर विटा कशाला? मी म्हणतो, तुला काय करायचंय?"

तिनं मग आपलं काम सांगितलं. खंडाचं, चौकटींचं, बाटल्यांचं. म्हातारा लक्ष देऊन ऐकत होता. "पाऊस पडला की तुमच्या विटा विरघळतात आणि पाण्यात उतरतात," ती म्हणाली. "ते खाली माझ्या बाटलीत आलं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे गुन्हा झाला का हो माझ्याकडून?"

"छे छे! गुन्हा कसला! एवढ्याशा मिठानं कुणाला काही होत नाही. कुठून येतंय ते कळायला हवं होतं, एवढंच."

हे ती बोलली खरी, पण तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. तिला साहेबांना सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता. उंच दगडावर उभं राहिलं की कशीबशी रेंज मिळत होती. आवाज तुटत होता म्हणून तिनं तो मोठा करून फोन हातात धरला.

"साहेब, सापडलं! घाम नाही आणि बिम नाही. वर एक म्हातारा राहतो, तो मीठ टाकतो पाण्यात!"

"काय सांगताय! शाब्बास!" साहेबांचा आवाज दगडांवर आपटून परत आला. "त्याला म्हणावं, बंद कर बाबा हे उद्योग. पुढच्या मोसमात आपण परत नमुना घेऊ. ती चौकट साफ आली पाहिजे. आणि ताई, सॉरी हं, मी उगीच तुमच्यावर..."

तिला इतकं हलकं वाटलं की दगडावरून उतरताना ती जवळजवळ उडी मारूनच खाली आली. म्हातारा उठून उभा राहिला होता. त्यानं बादली उचलून हातात घेतली होती.

"चहा घेता ना?" तो म्हणाला. "बटाटेही आहेत. उकडायला टाकतो."

"नको आजोबा. उजेड आहे तोवर खाली पोचायला हवं. उद्या पुढचा ओढा आहे."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "कामाचं माणूस आहात."

खाली उतरताना तिनं एकदा मागे वळून बघितलं. तो विटा गोळा करत होता.

मोसम संपला. थंडीत प्रयोगशाळेत बाटल्यांचा ढीग साचला तेव्हा साहेबांनी तिला परत टेबलावर बसवलं. पुढच्या मोसमात गाडी नव्या केमिस्टला मिळाली. तोच त्या खोऱ्यात जाऊन नमुना घेऊन आला, आणि तो यंत्रात घातला तिनं.

मीठ नव्हतं. जे काही होतं ते शेजारच्या चौकटींइतकंच, म्हणजे नसल्यासारखं. पडद्यावरच्या नकाशात इतके दिवस लाल असलेला तो ठिपका निळा झाला आणि आजूबाजूच्या निळ्या ठिपक्यांत दिसेनासा झाला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा, खडक खोटं बोलत नाही! आत, ग्रॅनाइटवर, समुद्रापासून लांब, पाणी असंच असणार!" नव्या केमिस्टनं टाळ्या वाजवल्या आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "ताई, मानलं तुम्हाला."

ती हसली. मग हसता हसता तिचं हसू थांबलं. मोसमभराच्या पावसानं जमिनीत मुरलेलं मीठही धुऊन गेलं होतं. याचा अर्थ त्यानं एकही वीट ठेवली नव्हती. त्या दिवसापासून एकही.

"तिथे वर कुणी भेटलं का तुला?" तिनं केमिस्टला बाजूला घेऊन विचारलं.

"कुणी नाही. एका घरातून धूर निघत होता. हाक मारली, पण दार काही उघडलं नाही. खिडकीचा पडदा मात्र हलला."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सुट्टीच्या दिवशी भावाचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. तो नेहमीसारखाच म्हणाला, "अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? हरणांना मीठ मिळालं नाही तर काय मरतायत का ती?"

"हरणांचं नाही रे दादा. माझ्यामुळे त्या माणसाकडचं येणंजाणं बंद झालं."

"कुणाचं येणंजाणं? हरणांचं?"

"हो. हरणांचं. तुला नाही कळायचं ते. तुझ्या घरात सतत कुणी ना कुणी दार आपटत असतं. माझ्या दारावरची बेल मी मागच्या महिन्यात दुरुस्त करून घेतली. का, माहीत आहे? मला वाटलं बिघडलीये म्हणून वाजत नाही. बिघडलेली नव्हती ती."

पलीकडे मुलांचा गोंधळ ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "जा. बघून ये त्याला. गाडी नीट चालव."

तिनं रजा टाकली. वाटेत पशुखाद्याच्या दुकानातून चाटणाच्या विटा घेतल्या. त्या गाडीत चढवताना दुकानदारानं विचारलं, "किती जनावरं आहेत?" तिनं पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

दार तिसऱ्या हाकेला उघडलं. म्हातारा खंगला होता. आधी त्यानं तिला ओळखलं नाही, आणि ओळखल्याबरोबर घाईघाईनं म्हणाला, "पाणीवाल्या बाई! मी बंद केलं हो. एक खडा टाकला नाही. तुम्ही गेलात त्याच दिवशी उचलल्या सगळ्या."

"माहीत आहे, आजोबा. पाण्यात दिसलं."

"दिसलं ना?" त्याला बरं वाटलं. "मग झालं. मला वाटलं परत काही सापडलं की काय. मागे एक पोरगा आला होता बाटल्या घेऊन. मी दारच उघडलं नाही. म्हटलं, काय विचारेल आणि काय नाही."

ती उंबऱ्यावरच बसली. "आणि मावशी? धाकटी? येतात का?"

"आले काही दिवस. सगळेच आले. नुसते दगड चाटायचे आणि उभे राहायचे. मी खिडकीतून लांबूनच बघायचो. बाहेर कसा जाणार हो, रिकाम्या हातानं? मग यायचे बंद झाले."

मग ती म्हणाली, "चुकलं माझं. मी तुमच्यासमोर तसं फोनवर बोलायला नको होतं. माझ्यावर आळ आला होता, तो गेला म्हणून मला इतका आनंद झाला की मी तुमच्याकडे बघितलंच नाही."

"तुमचं काय चुकलं? सरकारी काम ते."

"काम होतं ते पाण्यात मीठ कुठून येतं ते शोधायचं. ते शोधून झालं होतं. विटा उचलायला लावणं हे काम नव्हतं, आणि साहेबांनी म्हटलं तेव्हा मी त्यांना गप्प करायला हवं होतं. आणि उचलायच्याच होत्या, तर दुसरीकडे ठेवा, एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता?"

"दुसरीकडे कुठे?"

ती उठली आणि घराभोवती फिरून आली. मागे जुना गोठा होता. त्याचं छप्पर अजून शाबूत होतं आणि लाकडी गव्हाण भिंतीला धरून तशीच उभी होती. गव्हाणीत पाऊस लागणार नव्हता, आणि ओहोळ तिथून बराच लांब होता. दोघांनी मिळून गव्हाण झाडली, मोडकं दार काढून बाजूला ठेवलं म्हणजे जनावरांना आत यायला वाट होईल. विटा ती गाडीतून एकेक करून वर घेऊन आली. म्हातारा प्रत्येक खेपेला म्हणायचा, "मी घेतो, मी घेतो," आणि घ्यायचा नाही, कारण गुडघे ऐकत नव्हते.

संध्याकाळी दोघं खिडकीशी बसून राहिली. कुणी आलं नाही. अंधार पडल्यावर त्यानं बटाटे उकडले. या खेपेला ती थांबली, आणि बायकोच्या शिवणाच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. म्हातारा म्हणाला, "जागा नवी आहे. त्यांना माणसासारखा निरोप थोडाच धाडता येतो?" पण तो सारखा उठून मागच्या खिडकीशी जात होता.

निघायच्या दिवशी त्यानं घरामागच्या झऱ्याचं पाणी पेल्यात घालून तिच्यापुढे ठेवलं. "जन्मभर हेच पीत आलो. जरा बघा तरी काय आहे ते यात."

तिनं यंत्र बुडवलं. "काहीच नाही, आजोबा."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पाऊस येताना थोडंसं आणतो तेवढंच. तुमचा डोंगर काही देत नाही."

म्हातारा थक्क झाला. "अहो, आम्ही तर पाहुण्यांना सांगायचो, या पाण्यात फार ताकद आहे म्हणून! बायको तर शपथेवर सांगायची!" आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. कुणाच्या पाठीवर हात ठेवून तिला फार दिवस झाले होते.

परत आल्यावर अहवालाचं काम सुरू झालं. साहेब पहिला नमुना काढून टाकायच्या बेतात होते. "चुकीचा आकडा ठेवून काय करायचं?"

"तो चुकीचा नव्हता, साहेब. त्या वर्षी त्या पाण्यात मीठ होतंच. आपण विचारतोय ना, पाणी कशानं बदलतं? खडक, पाऊस, समुद्र, शेती, शहर. मग हेही आहेच."

"हे म्हणजे काय? 'हरणांसाठी मीठ' असं कारण लिहू?"

"लिहा."

साहेबांनी तसं लिहिलं नाही. पण आकडा ठेवला, आणि खाली बारीक अक्षरांत टीप टाकली: स्थानिक, मानवी कारण. तेवढ्यावर तिनं समाधान मानलं. सगळ्या खंडाच्या नकाशात एक ओहोळ म्हणजे काय असतं, हे तिला कळत होतं.

म्हाताऱ्याकडे तारेचा जुना फोन होता, मुलगी सणावारी करायची तेवढाच. बाटलीताईनं त्याचा नंबर घेऊन ठेवला होता. ती आता आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी त्याला फोन लावते. तो फोनवर ओरडून बोलतो, अंतर जास्त म्हणून आवाजही जास्त लागत असेल अशा समजुतीनं. थंडी सरता सरता त्यानं ओरडून सांगितलं की गोठ्यात कुणीतरी येऊन गेलंय, विटेला जीभ लागलीये, पण मावशी आहे की दुसरी कुणी ते दिसलं नाही. त्यानंतर दोन पोरसवदा हरणं दिसली, अनोळखी. मावशी काही परत आली नाही. बहुतेक दुसऱ्या खोऱ्यात गेली असेल, तो म्हणतो, किंवा वय झालं असेल तिचंही.

सांगण्यासारखं लवकर संपतं. मग दोघंही फोन धरून बसतात. तिच्या कानाला त्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते, त्याला बहुधा तिच्याकडची रहदारी.

"ठेवू का मग?" ती म्हणते.

"ठेवा की," तो ओरडतो, आणि ठेवत नाही.

या मोसमात साहेबांनी तिला पुन्हा गाडी दिली आहे. चौकटी अगदी दुसऱ्या टोकाच्या आहेत, पाणथळ, ओसाड, मैलोन्‌मैल झाड नाही अशा मुलखातल्या. तिथून फोन लागतो का, ते तिनं बऱ्याच जणांना विचारून बघितलं. नक्की कुणालाच माहीत नाही. तिनं बाटल्या मोजून पेटीत भरल्या, भावाला निघते म्हणून कळवलं, आणि म्हाताऱ्याला सांगितलं की काही आठवडे कदाचित फोन येणार नाही, तर काळजी करू नका.

"बरं," तो म्हणाला, पहिल्यांदाच हळू आवाजात. "जपून जा."